आकाशगंगेच्या केंद्राजवळचा रेणुवायू: रेषा निवडण्यापासून वस्तुमान काढेपर्यंत

धनू राशीत, वृश्चिकेच्या नांगीच्या किंचित ईशान्येला आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. अंतर सुमारे ८.२ किलोपार्सेक, म्हणजे साधारण २६,७०० प्रकाशवर्षं. मधल्या धुळीमुळे तिथला दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. रेडिओ लहरींना ही धूळ अडवत नाही, आणि त्या लहरींतून केंद्राभोवतीचा सुमारे ५०० पार्सेक लांबीचा वायूचा पट्टा स्पष्ट दिसतो. त्याला केंद्रीय रेणवीय पट्टा म्हणतात. काही कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू तिथे दाटला आहे. इतक्या दाट वायूतून जितके तारे जन्मायला हवेत, त्याच्या जेमतेम एक दशांश तारे तिथे जन्मतात. हे का, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही आणि म्हणून या पट्ट्याचं प्रत्येक नीट केलेलं मोजमाप मोलाचं आहे.

खगोलशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि वेधशाळांच्या संग्रहातला खुला डेटा स्वतःच्या संगणकावर हाताळणाऱ्या अभ्यासकांसाठी हा लेख आहे. यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. मृगातल्या किंवा वृषभेतल्या जवळच्या ढगांवर काम करून हाताला ज्या सवयी लागतात, त्या केंद्राजवळ जवळजवळ प्रत्येक पायरीवर फसवतात. कुठे आणि का, ते पायरीगणिक पाहू.

१. आधी प्रश्न, मग रेषा

रेणवीय हायड्रोजन थंड अवस्थेत रेडिओ लहरी देत नाही. त्यामुळे त्याच्यासोबत मिसळलेल्या दुसऱ्या रेणूंच्या रेषा, म्हणजे त्या रेणूंचं ठरावीक वारंवारतांचं उत्सर्जन, पाहावं लागतं. कोणता रेणू निवडायचा हे प्रश्नावर ठरतं.

एकूण वायू कुठे आणि किती, हे हवं असेल तर कार्बन मोनॉक्साइड. त्याची सर्वांत खालची रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्झला आहे. पण केंद्राजवळ ही रेषा इतकी अपारदर्शक होते की ढगाचा फक्त समोरचा पृष्ठभाग दिसतो. म्हणून कार्बन-१३ असलेला मोनॉक्साइड (११०.२०१) किंवा ऑक्सिजन-१८ असलेला (१०९.७८२) सोबत घ्याच. या दोन्ही रेषा एकाच रिसिव्हर-सेटिंगमध्ये बसतात, त्यामुळे वेगळा वेळ लागत नाही.

दाट वायूसाठी सगळे एचसीएनची (हायड्रोजन सायनाइड) ८८.६३२ गिगाहर्ट्झची रेषा घेतात. इथे पहिली सवय मोडावी लागते. सूर्याजवळच्या ढगांत एचसीएन चमकला की तिथे दाट गाभा आहे, तारे जन्मत असतील, असं मानलं जातं. केंद्रीय पट्ट्यात सरासरी घनताच दर घन सेंटिमीटरला सुमारे १०,००० रेणू इतकी आहे. त्यामुळे एचसीएन सगळीकडे चमकतो आणि तो दिसला म्हणून ताऱ्यांच्या जन्माबद्दल काहीच सिद्ध होत नाही. गाभ्यांचा शोध घ्यायचा असेल तर एन२एच-प्लसची ९३.१७४ गिगाहर्ट्झची रेषा आणि धुळीचं सतत (सगळ्या वारंवारतांवर पसरलेलं) उत्सर्जन एकत्र पाहणं जास्त विश्वासाचं.

सिलिकॉन मोनॉक्साइडचीही (८६.८४७) तीच गत. जवळच्या ढगांत तो नवजात ताऱ्यांच्या झोतांमुळे धक्का बसलेल्या जागीच सापडतो. केंद्राजवळ तो मोठ्या प्रमाणावर पसरलेला आहे, कारण ढगांच्या टकरी आणि खळबळ यांमुळे धूलिकणांतला सिलिकॉन सर्वत्र सुटा होतो.

तापमान हवं असेल तर दोन चांगले मार्ग आहेत. एक अमोनिया: (१,१) रेषा २३.६९४, (२,२) रेषा २३.७२३ आणि (३,३) रेषा २३.८७० गिगाहर्ट्झला. या रेषा जवळजवळ असल्यामुळे एकाच वेळी मोजता येतात, आणि त्यांच्या ऊर्जापातळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं. केंद्राजवळ मात्र (१,१) आणि (२,२) ही नेहमीची जोडी पुरत नाही. वायू ५० केल्विनच्या वर गेला की ती तापमान कमी दाखवू लागते. (३,३) आणि जमल्यास २५.०५६ गिगाहर्ट्झची (६,६) घ्या. तिची पातळी तळापासून सुमारे ४०८ केल्विन उंच आहे. दुसरा मार्ग फॉर्मल्डिहाइडच्या २१८.२२२, २१८.४७६ आणि २१८.७६० गिगाहर्ट्झच्या तीन रेषा. इथे एक सापळा आहे. मिथेनॉलची २१८.४४० गिगाहर्ट्झची रेषा मधल्या रेषेपासून सुमारे ४९ किमी/सेकंद अंतरावर पडते. केंद्राजवळच्या रुंद रेषांमध्ये ती सहज मिसळते आणि तापमान खोटं वाढवते. म्हणून जमेल तिथे २१८.७६० ची रेषा वापरा.

कमी वारंवारतेला काम करायचं असेल तर हायड्रॉक्सिल आहे. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने केंद्राच्या दिशेला हायड्रॉक्सिलचं खोल शोषण पाहिलं, तेव्हाच या भागात रेणू मोठ्या प्रमाणात आहेत हे कळलं. त्याच्या मुख्य रेषा १६६५.४०२ आणि १६६७.३५९ मेगाहर्ट्झला आहेत. दोन्हींमधलं अंतर वेगात मोजलं तर फक्त ३५२ किमी/सेकंद भरतं. केंद्राजवळचा वायू उणे २०० ते अधिक २०० पर्यंत धावतो, म्हणजे एका रेषेची शेपटी दुसरीत शिरते. त्या मधल्या भागात एकाच रेषेचा वेग वाचणं चूक ठरतं. दोन्ही रेषांचं एकत्र मॉडेल बसवावं लागतं.

२. कुठून पाहायचं: उन्नतांशाचं गणित

केंद्रातल्या सॅजिटेरियस ए-स्टार या स्रोताचे निर्देशांक: विषुवांश १७ तास ४५ मिनिटं ४०.०४ सेकंद, क्रांती उणे २९ अंश ० कला २८ विकला. एखाद्या जागेवरून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त किती वर येईल, म्हणजे त्याचा उन्नतांश, हे ९० मधून अक्षांश आणि २९ वजा करून मिळतं.

चिलीतली आल्मा ही अनेक डिशांची मिलिमीटर दुर्बीण उणे २३ अंशांवर आहे. तिथे केंद्र ८४ अंशांपर्यंत, जवळजवळ माथ्यावर येतं आणि ३० अंशांच्या वर रोज सुमारे ९ तास राहतं. जपानच्या नोबेयामातली ४५ मीटरची डिश ३६ अंशांवर आहे. तिथे केंद्र २५ अंशांवर थांबतं, म्हणजे माथ्याच्या तुलनेत २.४ पट जाड हवेतून पाहावं लागतं. माथ्याच्या दिशेला वातावरणाची अपारदर्शकता ०.३ धरली तर २५ अंशांवर निम्मा सिग्नल हवेतच विरतो. अमेरिकेतल्या व्हीएलए या अनेक डिशांच्या दुर्बिणीवरून केंद्र २७ अंशांपर्यंतच वर येतं. एवढ्या खालच्या स्रोताकडे पाहताना उत्तर-दक्षिण दिशेतली तिची मांडणी आखूड भासते आणि बीम (दुर्बिणीला वेगळा ओळखता येणारा आकाशाचा लहानात लहान ठिपका) लांबट होतो. म्हणूनच तिथे पूर्वी उत्तरेची भुजा लांब ठेवलेल्या खास संमिश्र मांडण्या केल्या जात. चीनची फास्ट दुर्बीण इतक्या दक्षिणेला पाहूच शकत नाही.

आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून केंद्र सुमारे ४२ अंशांवर येतं आणि १७ अंशांच्या वर साडेसात तास असतं, ही चांगली स्थिती आहे. पण तिथले रिसिव्हर १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात. हायड्रॉक्सिलच्या मुख्य रेषासुद्धा त्यांच्या कक्षेबाहेर जातात. तिथून केंद्राच्या दिशेने करण्याजोगं काम म्हणजे अणुरूप हायड्रोजनचं १४२० मेगाहर्ट्झचं शोषण आणि सतत उत्सर्जन. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीएमआरटीच्या निरीक्षणांत सॅजिटेरियस ए-स्टार ५८० मेगाहर्ट्झला दिसला होता. रेणुवायूचे नकाशे करणाऱ्याने हे शोषण दुय्यम मानू नये. कोणता ढग केंद्राच्या पुढे आहे आणि कोणता मागे, हे ठरवायला ते फार उपयोगी पडतं.

ऋतूचा विचार करा. केंद्र मध्यरात्री माथ्यावर येतं ते जूनच्या मध्यात. आल्माला तेव्हा कोरडा हिवाळा असतो, म्हणून मिलिमीटर लहरींसाठी हाच उत्तम काळ. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य केंद्रापासून सहा अंशांच्या आत येतो. ते दिवस टाळा.

३. वेगाची खिडकी आणि चॅनेलची रुंदी

जवळच्या ढगासाठी २० किमी/सेकंदाची खिडकी पुरते. इथे उणे २५० ते अधिक २५० किमी/सेकंद धरा, शिवाय दोन्ही टोकांना पायारेषा (रेषा नसलेल्या भागातली शून्य पातळी) बसवण्यासाठी ५०-५० सोडा. एकूण ६०० किमी/सेकंद. ११५ गिगाहर्ट्झला १ किमी/सेकंद म्हणजे ०.३८ मेगाहर्ट्झ, म्हणून बँडविड्थ किमान २३० मेगाहर्ट्झ लागते. अमोनियाला सुमारे ४७ मेगाहर्ट्झ. हायड्रॉक्सिलच्या एका रेषेला ३.३ मेगाहर्ट्झ. काटकसर करून खिडकी छोटी ठेवली तर रेषेची टोकं कापली जातात. त्याहून वाईट म्हणजे पायारेषा रेषेवरच बसवली जाते आणि खरा रुंद वायू गायब होतो.

केंद्रीय ढगांच्या रेषा १० ते ३० किमी/सेकंद रुंद असतात, म्हणून १ किमी/सेकंदाचे चॅनेल (वर्णपटाचे कप्पे) पुरेसे. पुढच्या सर्पिल भुजांमधलं अरुंद शोषण हवं असेल तर ०.२ ते ०.३ ठेवा.

पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे निरीक्षणाचा वेग वर्षभरात बदलतो. केंद्र क्रांतिवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे हा बदल इथे जवळजवळ पूर्ण, म्हणजे अधिक-उणे ३० किमी/सेकंद होतो. वेगवेगळ्या महिन्यांतला डेटा जोडण्यापूर्वी सगळा स्थानिक विराम चौकटीत (सूर्याजवळच्या ताऱ्यांची सरासरी गती शून्य मानणाऱ्या) आणलाच पाहिजे. पडताळणी सोपी आहे: केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी२ या रेणुमेघाचा मुख्य ढग ६० ते ६५ किमी/सेकंदावर दिसला पाहिजे. तो ३५ किंवा ९० वर दिसला तर ही दुरुस्ती राहिली आहे.

४. एका डिशने पाहताना: ऑफची जागा

एका डिशचं मोजमाप हे नेहमी वजाबाकी असतं: स्रोतावर रोखून घेतलेला वर्णपट (ऑन) वजा रिकाम्या आकाशाचा (ऑफ). केंद्राजवळ रिकामं आकाश शोधणं हेच मोठं काम. कार्बन मोनॉक्साइड प्रतलात सगळीकडे आहे. अर्ध्या अंशावरची जागा ऑफ म्हणून घेतली तर तिथला वायू वजा होऊन वर्णपटात खोटे खड्डे पडतात, आणि नवखा माणूस त्यांना शोषण समजतो. खोट्या खड्ड्याची खूण अशी की तो नकाशाच्या प्रत्येक बिंदूत सारख्याच वेगावर, सारख्याच खोलीचा असतो.

आकाशगंगेच्या अक्षांशात ३ अंशांपलीकडची जागा निवडा, आणि ती वापरण्यापूर्वी आणखी लांबच्या दुसऱ्या जागेशी ५ ते १० मिनिटं तुलना करा. ऑफ लांब असला की उन्नतांश बदलतो, हवेची जाडी बदलते आणि पायारेषा वाकडी होते. म्हणून शक्य तितका समान उन्नतांशाचा ऑफ घ्या आणि ऑन-ऑफची फेरी ३० सेकंदांच्या आसपास ठेवा. सतत सरकत नकाशा काढताना एका ऑफवर जितके बिंदू वापराल त्याच्या वर्गमुळाइतका जास्त वेळ ऑफला द्या: १६ बिंदू असतील तर चौपट. वारंवारता हलवून ऑफ टाळण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण रेषाच हलवण्याच्या अंतरापेक्षा रुंद असतात.

किती वेळ लागेल ते आधी काढा. यंत्रणेचं तापमान २५० केल्विन, चॅनेल १ किमी/सेकंद, प्रत्येक बिंदूवर ६० सेकंद आणि तितकाच वेळ ऑफवर: ११५ गिगाहर्ट्झला गोंगाट सुमारे ०.०७ केल्विन येतो. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा इथे अनेक केल्विन उंच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हे पुरून उरतं; ऑक्सिजन-१८ वाल्या रेषेला वेळ तिप्पट-चौपट करा.

दिशा तपासायला व्हीएक्स सॅजिटेरी या ताऱ्याचा ४३ गिगाहर्ट्झचा सिलिकॉन मोनॉक्साइड मेसर (लेसरसारखा तीव्र रेडिओ झोत) सोयीचा आहे, कारण तो केंद्रापासून फार लांब नाही. दर तासा-दीड तासाने तपासा. ४५ मीटर डिशचा बीम ११५ गिगाहर्ट्झला सुमारे १५ विकला असतो; दिशेतली चूक ३ विकलांपेक्षा जास्त आढळली तर मधला डेटा संशयास्पद धरा.

५. अनेक डिशांची मांडणी: कॅलिब्रेशन

आल्माच्या डेटात बँडपाससाठी (वारंवारतेनुसार बदलणारा यंत्राचा प्रतिसाद) बहुधा जे१९२४-२९१४ आणि फेजसाठी (हवेमुळे लहरींच्या कलेत पडणारा फरक) जे१७४४-३११६ असे क्वेसार आढळतील. वेधशाळेच्या स्क्रिप्टने हे काम केलेलं असतं. तरी प्रत्येक अँटेनाचा फेज वेळेसोबत काढून डोळ्यांनी पाहा. एखादी अँटेना ३० अंशांहून जास्त उड्या मारत असेल तर ती काढून टाका.

सॅजिटेरियस ए-स्टार बिंदुवत आणि तेजस्वी आहे, मिलिमीटर लहरींत काही जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). त्यामुळे त्याच्यावरच सेल्फ-कॅलिब्रेशन (स्रोताच्या स्वतःच्या सिग्नलवरून दुरुस्ती) करण्याचा मोह होतो, आणि फेजसाठी ते चांगलं चालतंही. दोन पथ्यं पाळा. एक, लहान बेसलाइन (जवळजवळच्या डिशांच्या जोड्या) वगळा, कारण त्यांवर आजूबाजूच्या आयनीभूत सर्पिलाचं पसरट उत्सर्जनही येतं आणि स्रोत बिंदू राहत नाही. दोन, तीव्रता दुरुस्त करू नका. हा स्रोत काही तासांत लक्षणीय बदलतो. त्याला स्थिर मानून तीव्रता दुरुस्त केली तर त्याचा खरा चढउतार सगळ्या नकाशावर चुकीच्या रूपात पसरतो.

याच बदलामुळे सतत उत्सर्जन नकाशातून वजा करण्यापेक्षा मूळ व्हिजिबिलिटीतून (डिशांच्या प्रत्येक जोडीच्या कच्च्या मोजमापातून) वजा करणं इथे जास्त बरं. प्रत्येक क्षणाची व्हिजिबिलिटी स्वतंत्रपणे हाताळली जाते, म्हणून चढउताराचे पट्टे उरत नाहीत. कासा या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी यूव्हीकाँटसब आहे. रेषारहित चॅनेल निवडून शून्य किंवा पहिल्या घाताचं समीकरण बसवा. वरचे घात रुंद रेषा खाऊन टाकतात. सॅजिटेरियस बी२ मध्ये रेणूंच्या रेषांचं इतकं दाट रान आहे की रेषारहित चॅनेल जवळजवळ मिळत नाहीत. तिथे प्रत्येक पिक्सेलच्या वर्णपटातून सांख्यिकी पद्धतीने पातळी ठरवणारं स्टॅटकॉन्टसारखं साधन वापरा.

६. नकाशा बनवणं, आणि हरवलेला वायू परत आणणं

कासातल्या टीक्लीन या साधनात क्यूब (आकाशाच्या दोन दिशा आणि वेग असा त्रिमितीय नकाशा) बनवताना पिक्सेल बीमच्या पाचव्या भागाइतका, ग्रिडर मोझॅक, वजन ब्रिग्ज ०.५ आणि डीकन्व्हॉल्व्हर बहुमापी ठेवा. मापं बिंदू, बीमएवढं आणि बीमच्या तिप्पट अशी द्या. फक्त बिंदूंनी साफ केलं तर पसरट ढगाचे तुकडे होतात आणि ते तुकडे खरे गाभे वाटू लागतात. थांबण्याची मर्यादा गोंगाटाच्या ३ ते ४ पट.

स्वयंचलित मास्क (साफ करायच्या जागांची निवड) वापरत असाल तर ऋण मर्यादा मुद्दाम भरा. ती मूळ सेटिंगमध्ये शून्य, म्हणजे बंद असते. तशीच ठेवली तर शोषणाच्या जागा मास्कमध्ये येत नाहीत आणि अस्वच्छ राहतात. केंद्राजवळ नेमक्या त्याच जागा महत्त्वाच्या असतात.

संगणकाची तयारी ठेवा. ३००० गुणिले ३००० पिक्सेल आणि ६०० चॅनेलचा एक क्यूब साडेएकवीस गिगाबाइटचा होतो, आणि साफसफाई चालू असताना त्याच्या अनेक प्रती डिस्कवर असतात. आधी एका तेजस्वी चॅनेलवर सगळ्या सेटिंग तपासा, मगच पूर्ण क्यूब लावा.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. अनेक डिशांच्या मांडणीला एका मर्यादेहून मोठी रचना दिसत नाही. आल्माच्या १२ मीटर डिशांच्या सर्वांत दाट मांडणीत १०० गिगाहर्ट्झला ही मर्यादा सुमारे २८ विकला आहे, ७ मीटर डिशांनी ती साधारण ६६ विकलांपर्यंत जाते. केंद्राच्या अंतरावर १ कला म्हणजे २.४ पार्सेक. तिथले ढग अनेक कला पसरलेले आहेत, म्हणजे बरीचशी तीव्रता मांडणीतून निसटते. तेजस्वी ढगांभोवती काळी ऋण कडी दिसतात ती याचमुळे. मृगातल्या एखाद्या आटोपशीर गाभ्यावर एका डिशचा डेटा न जोडता कधी कधी निभावतं. इथे निभावत नाही.

जोडण्याची रीत अशी. आधी १२ आणि ७ मीटरच्या व्हिजिबिलिटी एकत्र घेऊन नकाशा करा. एका डिशचा क्यूब त्याच वारंवारतेवर, त्याच वेगाच्या जाळीवर आणा आणि त्याला मोझॅकच्या (अनेक दिशांचे जोडलेले नकाशे) प्राथमिक बीमच्या (डिशच्या दृष्टिक्षेत्राच्या) प्रतिसादाने गुणा. मग हे दोन्ही क्यूब जोडणारं फेदर हे साधन चालवा, आणि शेवटी प्राथमिक बीमची दुरुस्ती करा. क्रम उलटा झाला तर नकाशाच्या कडा खोट्या उजळतात. तपासायला जोडलेला क्यूब एका डिशच्या बीमइतका धूसर करून मूळ एका डिशशी ताडा. एकूण तीव्रता ५ ते १० टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे.

जान्स्की प्रति बीमवरून केल्विनमध्ये जाण्यासाठी १२.२२ लाख भागिले (गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा वर्ग गुणिले बीमच्या दोन्ही बाजू विकलांत). १०० गिगाहर्ट्झ आणि १.५ विकला बीमसाठी १ जान्स्की म्हणजे ५४ केल्विन. ५ मिलिजान्स्की गोंगाट म्हणजे ०.२७ केल्विन.

७. वर्णपट वाचणं

नकाशा झाला की लगेच सरासरी वेगाचा रंगीत नकाशा काढायचा मोह होतो. थांबा. केंद्राच्या दिशेला एकाच दृष्टिरेषेत दोन-तीन ढग वेगवेगळ्या वेगांवर असतात. १० आणि ७० किमी/सेकंदावर दोन शिखरं असतील तर सरासरी ४० येते, आणि त्या वेगाचा वायू तिथे नसतोच. प्रत्येक वर्णपटात गॉसियन घटक वेगळे करा, किंवा निदान रेखांश-वेग आलेख आधी काढा. त्या आलेखात केंद्रीय पट्ट्याच्या तिरक्या धारा वेगळ्या दिसतात.

पुढच्या भुजा ओळखायला शिका. उणे ५३ किमी/सेकंदाच्या आसपास ३ किलोपार्सेकची भुजा, उणे ३० च्या आसपास आणखी एक भुजा आणि शून्याजवळ स्थानिक वायू. यांच्या रेषा अरुंद असतात, केंद्रीय वायूच्या रुंद. सॅजिटेरियस ए आणि बी२ च्या तेजस्वी पार्श्वभूमीवर याच वेगांवर शोषणाचे अरुंद खड्डे पडतात. खरा खड्डा फक्त जिथे सतत उत्सर्जन आहे तिथेच दिसतो. मोठी रचना हरवल्यामुळे पडलेला खड्डा ढगाच्या कडेने, पार्श्वभूमी नसतानाही दिसतो. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की फरक लगेच कळतो. शोषण असलेल्या पिक्सेलवर एकूण तीव्रतेची बेरीज करू नका. उत्सर्जन आणि शोषण एकमेकांना खातात आणि उत्तर अर्थहीन येतं.

एचसीएनच्या दोन उपरेषा मुख्य रेषेपासून सुमारे ५ आणि ७ किमी/सेकंदावर, अमोनियाच्या (१,१) रेषेच्या साधारण ७.५ आणि १९.५ वर असतात. जवळच्या ढगांत त्या सुट्या दिसतात आणि त्यांच्या गुणोत्तरावरून अपारदर्शकता काढता येते. इथे रेषाच २० किमी/सेकंद रुंद असल्यामुळे त्या एकात मिसळतात. बसवताना सगळ्या उपरेषा एकत्र धरल्या नाहीत, तर रेषेची रुंदी आणि म्हणून खळबळ वाजवीपेक्षा जास्त येते.

आपलं काम बरोबर चाललंय का हे पाहायला केंद्राभोवतीची वायूची तबकडी चांगली. एचसीएनमध्ये ती दीड ते तीन पार्सेक त्रिज्येवर सुमारे ११० किमी/सेकंदाने फिरताना दिसते: ईशान्येची बाजू धन वेगाला, नैर्ऋत्येची ऋण वेगाला. उलटं दिसलं तर वारंवारतेचा अक्ष उलटा वाचला गेला आहे.

८. वस्तुमान

इथे सवयीची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. आकाशगंगेच्या तबकडीत कार्बन मोनॉक्साइडच्या तीव्रतेवरून हायड्रोजन काढण्यासाठी जो गुणक वापरतात, तो केंद्राजवळ ३ ते १० पट लहान आहे. रेषा खळबळीमुळे रुंद आणि वायू गरम असल्यामुळे तितक्याच हायड्रोजनमागे जास्त प्रकाश मिळतो. तबकडीचा गुणक वापरलात तर वस्तुमान तितक्याच पटीत फुगतं.

कार्बन-१३ वाल्या रेषेवरून काढणं बरं. समजा एका जागी तिची एकूण तीव्रता १०० केल्विन किमी/सेकंद आहे. उत्तेजन तापमान (रेणू वरच्या ऊर्जापातळ्यांवर किती चढले आहेत हे सांगणारं) ३० केल्विन आणि रेषा पारदर्शक धरली तर त्या रेणूची स्तंभघनता (दृष्टिरेषेतली एकूण संख्या) दर चौरस सेंटिमीटरला १.७ गुणिले १० चा १७वा घात येते. केंद्राजवळ कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचं प्रमाण २४ च्या आसपास आहे. हायड्रोजनच्या १०,००० रेणूंमागे मोनॉक्साइडचा एक धरला, तर हायड्रोजनची स्तंभघनता ४.२ गुणिले १० चा २२वा घात. हेलियम धरून हे दर चौरस पार्सेकला सुमारे ९४० सौरवस्तुमान होतं. १ चौरस कला म्हणजे ५.७ चौरस पार्सेक, म्हणजे एका चौरस कलेत साधारण ५,३०० सूर्य.

यात सूर्याजवळचं ६० हे प्रमाण ठेवलं असतं तर उत्तर अडीच पट जास्त आलं असतं. उत्तेजन तापमान ३० ऐवजी ६० केल्विन घेतलं तर ते १.८ पट वाढतं. हे तापमान धुळीवरून घेऊ नका. जवळच्या दाट ढगांत धूळ आणि वायू एकाच तापमानाला असतात, इथे धूळ सुमारे २० केल्विन तर वायू ६० ते १०० किंवा त्याहून गरम असतो. अमोनियावरून आलेलं वायूचं तापमानही थेट घालू नका, कारण मोनॉक्साइडची रेषा त्या तापमानाइतकी उत्तेजित झालेली असेलच असं नाही. दोन तापमानं घेऊन दोन्ही उत्तरं द्या.

म्हणून वस्तुमानाच्या आकड्यासोबत घेतलेलं अंतर, समस्थानिकांचं प्रमाण, उत्तेजन तापमान आणि एका डिशचा डेटा जोडला होता की नाही, हे चारही त्याच ओळीत लिहा. उद्या कोणी अंतर ८.५ किलोपार्सेक धरून तोच ढग मोजला, तर फक्त त्या फरकानेच त्याचं उत्तर साडेसात टक्के जास्त येईल.